जुन्या गार्डन ट्रॅक्टरला नवे इंजिन: आधी व्हर्नियर, मग दिरहम

ऑक्टोबर सरत आला की अमिरातीत बागांची कामे पुन्हा जोर धरतात. दुबईत अल खवानीजच्या व्हिलांमागे, शारजातल्या अल धैदच्या शेतांवर, अल ऐनच्या खजुरांच्या बागांत उन्हाळाभर ताडपत्रीखाली पडून राहिलेले गार्डन ट्रॅक्टर बाहेर ओढले जातात. बॅटरी बदलली, टायरात हवा भरली, किल्ली फिरवली, इंजिन चालूही झाले. पण मफलरमधून निळसर धुराचा लोट निघाला तो थांबायचे नाव घेईना. ट्रॅक्टर व्हिलात राहणाऱ्या मराठी कुटुंबाचा असो की फार्म सांभाळणाऱ्या सुपरवायझरच्या ताब्यातला, पुढची चौकशी ठरलेली असते: याला किती हॉर्सपॉवरचे इंजिन बसेल?

प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर तिसरा लागतो. इंजिन खरोखर संपले आहे का, हा पहिला प्रश्न. संपले असेल तर कशाने, हा दुसरा. या दोहोंची उत्तरे मिळाल्याशिवाय नवे इंजिन आणणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. जुने इंजिन ज्या कारणाने गेले, त्याच कारणाने नवेही जाते आणि बहुधा लवकर जाते, कारण आजची हलकी ॲल्युमिनियमची इंजिने जुन्या बिडाच्या इंजिनांइतकी सोसत नाहीत.

निळा धूर म्हणजे तेल जळते आहे, एवढे खरे. ते रिंगा झिजल्यामुळेच जळते असे मात्र नाही. आधी डिपस्टिक काढून पाहावी. तेलाची पातळी खुणेच्या वर गेली असेल आणि तेलाला पेट्रोलचा वास येत असेल, तर कार्बोरेटरची सुई नीट बसत नाही आणि टाकीतले पेट्रोल थेंबाथेंबाने क्रँककेसमध्ये उतरते आहे. असे इंजिन धूर सोडते, पातळ झालेल्या तेलावर चालून बेअरिंगही खाते. वेळीच पकडले तर दुरुस्ती सुई, तिची सीट आणि नव्या तेलावर भागते. दुसरा संशयित म्हणजे हेड गॅस्केट. ओव्हरहेड व्हॉल्व्हच्या बऱ्याच एकसिलिंडर इंजिनांत सिलिंडर आणि पुशरॉडची पोकळी यांच्यामध्ये गॅस्केटची पट्टी अगदी अरुंद असते. ती फुटली की सिलिंडरमधला दाब क्रँककेसमध्ये घुसतो आणि ब्रीदरच्या नळीतून तेलाची वाफ उलटी कार्बोरेटरकडे ढकलतो. धूर पाहून वाटते की पिस्टन-रिंग गेली. हेड उघडल्यावर कळते की बिघाड एका गॅस्केटपुरता होता.

कॉम्प्रेशन गेज लावून मिळणाऱ्या आकड्यावर इथे फार विसंबू नये. अनेक छोट्या इंजिनांत स्टार्ट करणे सोपे जावे म्हणून कॅमशाफ्टवर दाब सोडणारी योजना असते; हळू फिरताना ती एक व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवते. त्यामुळे ठणठणीत इंजिनही गेजवर दुबळे दिसते. खरे उत्तर लीक-डाऊन टेस्ट देते. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणायचा, स्पार्क प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा बेताच्या दाबाने सोडायची आणि ती कुठून निसटते ते कान लावून ऐकायचे. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. डिपस्टिकच्या भोकातून जोराने आली तर रिंगा, सिलिंडर किंवा ते गॅस्केट. हवा सोडताना क्रँकशाफ्ट पक्का धरून ठेवलेला हवा आणि डेकचा, म्हणजे गवत कापणारी पाती असलेल्या भागाचा, पट्टा उतरवलेला हवा. पिस्टन टोकावरून जरा जरी सरकला तरी हवेच्या दाबाने शाफ्ट झटकन फिरतो आणि त्याच्याबरोबर पातेही.

समजा, निदान पक्के झाले: रिंगा गेल्या, सिलिंडर झिजला. मग एअर फिल्टर काढावा आणि फिल्टरच्या पलीकडची, म्हणजे कार्बोरेटरच्या बाजूची नळी पांढऱ्या फडक्याने आतून पुसावी. फडके स्वच्छ निघायला हवे. त्यावर पिवळसर, पिठासारखी बारीक धूळ आली तर इंजिनाच्या मृत्यूचे कारण हातात आले. वाळवंटातल्या या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. त्यांतला एकेक कण लोखंडापेक्षा कठीण. तेलात मिसळला की त्याचा पॉलिशपेपर होतो आणि तो सिलिंडर घासत बसतो. शमाल वाऱ्याच्या दिवसांत फिल्टर भरतो. कुणीतरी तो कॉम्प्रेसरच्या हवेने बाहेरून आत झोडपतो, कागदाला डोळ्यांना न दिसणारे छेद पडतात. किंवा बाजारातला ‘जवळपास तोच’ फिल्टर बसवला जातो आणि त्याची रबरी कड एका बाजूला दीड-दोन मिलिमीटर उघडी राहते. तेवढी फट एका हंगामात इंजिन संपवायला पुरते. फडक्यावर धूळ दिसली तर नव्या इंजिनाबरोबर फिल्टरचे घर, नळी, क्लिप असे सगळे नवे घ्यावे. होंडाच्या जीएक्स मालिकेतल्या इंजिनांना सायक्लोन पद्धतीचा एअर क्लीनर मिळतो. तो धूळ आधी गरगर फिरवून बाहेर टाकतो आणि उरलेली हवा फिल्टरकडे जाते. अमिरातीत असा पर्याय उपलब्ध असेल तर साध्या फिल्टरवर पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

दुसरी तपासणी इंजिनावरच्या पत्र्याच्या आवरणाखाली. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला रेडिएटर नसतो. फ्लायव्हीलचा पंखा वरच्या जाळीतून हवा ओढतो आणि सिलिंडरच्या फिन्समधून ढकलतो. फिन्समध्ये गवताचा भुसा, धूळ आणि झिरपलेले तेल एकत्र आले की त्याचा विटेसारखा थर होतो. जाळी बाहेरून स्वच्छ दिसते, म्हणून आवरण काढायचे कुणाच्या मनात येत नाही. २४ मे २०२५ रोजी अल ऐन भागातल्या स्वेहानला ५१.६ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. तशा हवेत फिन्स बुजलेले इंजिन चालवले तर तेल पातळ होऊन जळते, व्हॉल्व्हच्या सीटा ढिल्या होतात, हेड वाकते.

उकाड्याच्या नावाखाली मोठे इंजिन गळ्यात मारणारे विक्रेते असतात, म्हणून एक हिशेब हाताशी असावा. छोट्या इंजिनांच्या पुस्तिकांत दिलेला ठोकताळा असा: २५ अंशांच्या वर प्रत्येक ५.६ अंशांना ताकद सुमारे १ टक्का घटते आणि समुद्रसपाटीपासून दर १००० फुटांना साधारण साडेतीन टक्के. दुबई-शारजा समुद्रकाठी, उंचीचा प्रश्नच नाही. हवा ४७ अंशांवर गेली तरी घट ४ टक्क्यांच्या आसपास. १८ हॉर्सपॉवरच्या इंजिनात पाऊण हॉर्सपॉवरही जात नाही. उन्हाळ्यात ट्रॅक्टर मरगळतो तो या चार टक्क्यांमुळे नव्हे, तर बुजलेल्या फिन्स, चोंदलेला फिल्टर आणि पेट्रोलच्या नळीत होणारी वाफ यांच्यामुळे.

आता बदलायचे की जुनेच बांधून घ्यायचे? जुन्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा असेल, तर घाई करू नये. कोहलरच्या के मालिकेतली इंजिने, उदाहरणार्थ १६ हॉर्सपॉवरचे के-३४१, बिडाच्या सिलिंडरची आहेत. त्यांचा सिलिंडर ओव्हरसाइझला बोअर होतो, पुढच्या मापाचा पिस्टन बसतो आणि इंजिन पुन्हा उभे राहते. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात लेथ आणि बोअरिंगचे काम करणारी वर्कशॉपे गल्लोगल्ली आहेत. पिस्टन आधी मिळवावा, मग त्याच्या मापाने बोअर करून घ्यावे. उलट क्रम केला तर पिस्टनसाठी वणवण होते. ॲल्युमिनियमच्या, स्वस्त गवत कापणाऱ्या ट्रॅक्टरच्या इंजिनात हा खर्च सहसा परवडत नाही. तिथे बांधणी म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

इंजिन बदलण्याजोगा ट्रॅक्टर कोणता, हेही ओळखता आले पाहिजे. पत्र्याची चेसिस, प्लॅस्टिकचे बॉनेट आणि हलका गिअरबॉक्स असलेले हल्लीचे स्वस्त राइड-ऑन मॉवर इंजिनाबरोबरच म्हातारे होतात. जुना, भक्कम प्रकार वेगळा. जॉन डिअरने आपला पहिला गार्डन ट्रॅक्टर, ११०, १९६३ साली आणला. त्या घराण्यातली, तसेच कब कॅडेट किंवा व्हील हॉर्सची जुनी यंत्रे जाड पत्र्याच्या चेसिसची, बिडाच्या गिअरबॉक्सची असतात आणि दुसरे इंजिन सहज पचवतात. डेक सडलेला नाही, गिअरबॉक्स आवाज करत नाही, पुढचा ॲक्सल ढिला नाही, एवढे पाहून मगच इंजिनासाठी खिशात हात घालावा.

हॉर्सपॉवरचा प्रश्न आता घेऊ. मराठी माणसाच्या डोक्यातले ‘पाच हॉर्सपॉवर’ बहुधा विहिरीवरच्या किर्लोस्करचे असते. पुण्याजवळ खडकीला १९४६ साली सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे एव्ही-१ हे डिझेल इंजिन ५ हॉर्सपॉवरचे, पण ते मिनिटाला १५०० फेरे फिरते. त्या वेगाला त्याचा टॉर्क साडेतेवीस न्यूटन-मीटरच्या घरात जातो. होंडाचे जीएक्स-१६० हे पेट्रोल इंजिनही जवळपास ५ हॉर्सपॉवरचेच, मात्र ३६०० फेऱ्यांना. त्याचा टॉर्क जास्तीत जास्त १०.३ न्यूटन-मीटर. आकडा तोच, पण पिळाचा जोर निम्म्याहून कमी. म्हणून जुन्या संथ इंजिनाच्या जागी नवे वेगवान इंजिन घेताना स्टिकरवरचा हॉर्सपॉवर जुळवून भागत नाही. घनक्षमता, म्हणजे सीसी, आणि टॉर्क जुळवावा. सीसी जुन्याइतकी किंवा थोडी जास्त, टॉर्क जुन्यापेक्षा कमी नाही, एवढे पुरते. १२ च्या जागी २४ हॉर्सपॉवर बसवला तर नाकापेक्षा मोती जड होतो: हायड्रोस्टॅटिक गिअरबॉक्स, पट्टे आणि क्लच जुन्या ताकदीच्या हिशेबाने बनलेले असतात, जास्तीची ताकद त्यांनाच मोडते.

आणि आता मापे, म्हणजे व्हर्नियर.

सर्वांत आधी शाफ्टची दिशा. इंजिनाचा क्रँकशाफ्ट खाली जमिनीकडे निघतो की आडवा, समोर किंवा मागे? खाली निघणारा उभ्या शाफ्टचा, पट्ट्यावर चालणाऱ्या बहुतेक मॉवर ट्रॅक्टरांत तोच असतो. आडव्या शाफ्टचे इंजिन जुन्या भक्कम गार्डन ट्रॅक्टरांत दिसते. एकाच्या जागी दुसरे बसत नाही, कोणी कितीही सांगो. मग व्यास. अमेरिकन राइड-ऑनच्या उभ्या शाफ्टचे सर्रास सापडणारे माप म्हणजे १ इंच व्यास, ३ पूर्णांक ५/३२ इंच लांबी, पाव इंचाची चावी आणि टोकाला ७/१६ इंचाच्या बारीक आट्याचे भोक. मिलिमीटरमध्ये व्यास २५.४, लांबी साधारण ८०.२, चावी ६.३५.

अमिरातीच्या बाजारात एका फळीवर अमेरिकेसाठी बनलेले इंजिन असते आणि शेजारी आशिया-युरोपसाठी बनलेले. दुसऱ्याचा शाफ्ट २५ मिलिमीटरचा असू शकतो. डोळ्याला दोन्ही सारखेच. पण १ इंचाची पुली २५ मिलिमीटरच्या शाफ्टवर घातली तर ०.४ मिलिमीटरची ढिलाई राहते. सुरुवातीला पुली किंचित डुलते, काही तासांत चावीची खाच रुंदावते, मग पट्टा उडतो आणि शेवटी शाफ्टच खराब होतो. ‘पत्र्याची पट्टी घाला, टाइट होईल’ असे सांगणारा कारागीर भेटला तर आभार मानून पुढचे दुकान गाठावे. टोकाचा बोल्टही पाहावा. ७/१६ इंचाच्या भोकात एम-१० सैल जातो आणि एम-१२ शिरत नाही. बरोबर बोल्ट इंजिनासोबतच मागून घ्यावा.

यानंतर चारही पायांच्या भोकांची मापे. जुने इंजिन काढले की चेसिसवर जाड पुठ्ठा ठेवून भोके, शाफ्टचे भोक आणि एक्झॉस्टची जागा पेन्सिलने उतरवून घ्यावी. हा पुठ्ठा घेऊन दुकानात जावे. मॉडेल नंबर तेवढा पुरत नाही. त्याच मॉडेलची दहा-वीस रूपे असतात, कुणाचा शाफ्ट आखूड, कुणाला इलेक्ट्रिक स्टार्ट नाही, कुणाचे चार्जिंग वेगळे. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या इंजिनावर मॉडेलनंतर येणारा टाइप नंबर, कोहलरवरचा स्पेक नंबर आणि होंडाच्या नावामागची अक्षरे यांत हे सगळे दडलेले असते. जुन्या इंजिनावरचे हे आकडे घासून, मोबाइलने फोटो काढून ठेवावेत. वजनाचाही अंदाज हवा: होंडा जीएक्स-३९० तेलाशिवाय ३१ किलोच्या आसपास भरते, जोडसिलिंडर इंजिने त्याहून जड. एकट्याने मिठी मारून उचलायची ही वस्तू नव्हे. चेन ब्लॉक आणि दुसरा माणूस हवाच.

सगळ्यात शिकवणारे उदाहरण जॉन डिअर ३१८ चे. हा ट्रॅक्टर १९८३ ते १९९२ या काळात बनला. त्यात ओनान कंपनीचे पी-२१८-जी हे १८ हॉर्सपॉवरचे इंजिन होते; दोन सिलिंडर समोरासमोर आडवे पडलेले, त्यामुळे बुटके आणि रुंद. त्याच्या फिन्समध्ये कचरा साचला की ते तापून बसते, आणि जिथे गवत कापले जाते तिथे कचरा साचतोच. ओनानने ही इंजिने बनवणे केव्हाच थांबवले. सुटे भाग महागले. ट्रॅक्टर मात्र इतका दणकट की मालकांनी तो टाकला नाही. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या व्हॅनगार्ड मालिकेतले व्ही आकाराचे जोडसिलिंडर इंजिन, साधारण १८ ते २३ हॉर्सपॉवरचे, त्यात बसवण्याचा रिवाज अमेरिकेत पडला आणि त्यासाठी तयार किट विकणारे छोटे व्यावसायिक उभे राहिले. अडचणी मोजून घ्याव्यात अशा आहेत. व्ही आकार उंच, त्यामुळे बॉनेटखाली जागा तपासावी लागते. एक्झॉस्टची तोंडे वेगळ्या दिशेला, म्हणजे मफलर नवा. ड्राइव्ह शाफ्टचा कपलर आणि पुढचा इलेक्ट्रिक क्लच नव्या शाफ्टला जुळवून घ्यावे लागतात. वायरिंग तर पूर्ण वेगळे. यंत्र जितके एकेकाळचे खास, तितके ‘आणा आणि बसवा’ कमी आणि किटची गरज जास्त, हे या ट्रॅक्टरवरून कळते. किट परदेशातून मागवताना सीमाशुल्क ५ टक्के आणि त्यावर व्हॅट ५ टक्के, शिवाय कुरिअर, हा खर्च आधीच मांडावा. लोखंडाचे कुरिअर वजनावर जाते.

वापरलेले इंजिन घ्यायचे असेल तर ते चालू करून दाखवल्याशिवाय घेऊ नये. थंड इंजिन चालू करून दाखवायला सांगावे. गरम करून ठेवलेले इंजिन बरेच रोग लपवते. जपानी छोट्या डिझेल ट्रॅक्टरचे मालक थोडे सुखी, कारण कुबोटाची दोन आणि तीन सिलिंडरची छोटी इंजिने, ४७९ सीसीचे झेड-४८२ किंवा ७१९ सीसीचे डी-७२२, जनरेटरपासून वेल्डिंग सेटपर्यंत अनेक यंत्रांत बसतात आणि त्यांचे भाग मिळतात. पण जनरेटरमधून काढलेल्या डिझेल इंजिनाचा गव्हर्नर एकाच वेगाला बांधलेला असू शकतो आणि त्याचे फ्लायव्हील हाऊसिंग ट्रॅक्टरच्या बेल-हाऊसिंगला बसेलच असे नाही. नवे इंजिन स्वस्तात मिळाले आणि स्टिकर नामांकित कंपनीचे असेल तर सावध व्हावे. जीएक्सच्या नकला जगभर बनतात. उघडपणे वेगळ्या नावाने विकली जाणारी नक्कल निदान प्रामाणिक तरी असते; खोटे नाव लावलेलीला वॉरंटी कोण देणार?

प्रत्यक्ष काम फ्लॅटच्या पार्किंगमध्ये करू नये; इमारतीचा वॉचमन आणि पालिका दोघेही नाराज होतात. व्हिलाचे गॅरेज किंवा फार्मवरची शेड, खाली सपाट फरशी. सुरुवात बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून. मग टाकी रिकामी. पेट्रोल झाकणाच्या डब्यात आणि डबा शेडच्या बाहेर सावलीत. प्रत्येक वायरला चिकटपट्टीचा झेंडा, त्यावर पेनाने नाव. पट्टे कुठून कसे जातात त्याचे फोटो.

पुली मात्र सहज निघत नाही. समुद्रकाठच्या दमट हवेत ती शाफ्टला गंजाने चिकटते. रस्ट रिमूव्हर रात्रभर मुरू द्यावे आणि पुलरने ओढावी. हातोडा मारायचा मोह टाळावा; नव्या इंजिनावर पुली चढवतानाही ठोकू नये, कारण तो धक्का थेट क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर आणि तेलाच्या सीलवर बसतो. शाफ्ट पॉलिशपेपरने साफ करून, अँटी-सीझ लावून पुली हाताने सरकली पाहिजे.

वायरिंगमध्ये सर्वाधिक नवी इंजिने जळतात, आणि तीही पहिल्या मिनिटाला. जुन्या ट्रॅक्टरांत अनेकदा बॅटरी इग्निशन असते: किल्ली ‘रन’वर आणली की कॉइलला १२ व्होल्ट जातात, बंद केली की थांबतात. नवे इंजिन मॅग्नेटोचे. त्याला बॅटरीची गरजच नसते. फ्लायव्हीलमधले चुंबक ठिणगी तयार करते आणि इंजिन बंद करायचे तर कॉइलची एक बारीक वायर जमिनीला, म्हणजे बॉडीला, टेकवायची. ही किल वायर. जुन्या स्विचची ‘रन’ वायर या किल वायरला जोडली की १२ व्होल्ट मॅग्नेटोच्या कॉइलमध्ये घुसतात आणि कॉइल जळते. म्हणून स्विच बदलावा, मॅग्नेटो प्रकारचा घ्यावा. जुना स्विच ठेवायचाच असेल तर मध्ये रिले टाकून घ्यावा आणि किल वायरवर बॅटरीचा व्होल्ट येत नाही हे मल्टिमीटरने पाहूनच ती जोडावी. कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल बंद करणारा सोलेनॉइड असेल तर त्याला मात्र ‘रन’मध्ये १२ व्होल्ट हवेतच, नाहीतर इंजिन फिरत राहते आणि सुरू होत नाही.

चार्जिंगचाही असाच फसवा मामला. साध्या इंजिनाचा स्टेटर बॅटरीसाठी जेमतेम ३ अँपिअर देतो. पाती चालवणारा इलेक्ट्रिक क्लच एकटाच ४ अँपिअरच्या आसपास खातो. मग गवत कापता कापता बॅटरी उतरते, क्लच निसटू लागतो आणि तापून जळतो. इलेक्ट्रिक क्लचच्या ट्रॅक्टरला रेग्युलेटर असलेले, ९ अँपिअर किंवा अधिक चार्जिंगचे इंजिन मागावे. रेग्युलेटर रंगावर नव्हे, खरवडलेल्या पत्र्यावर आवळावा. त्याचे अर्थिंग तिथूनच होते. सीटखालचा, ब्रेकचा आणि पात्याचा असे तीन सेफ्टी स्विच जुन्या ट्रॅक्टरांत कुणीतरी वायर जोडून बायपास केलेले आढळतात. ते पूर्ववत करायची हीच वेळ. सीटवरून माणूस उठला की पाती थांबली पाहिजेत.

मफलरचे तोंड पेट्रोलच्या नळीकडे, टायरकडे किंवा बॉनेटच्या प्लॅस्टिककडे नको. वेल्डरकडून वाकवून घेतलेला पाइप चालतो, पण बॉनेटखाली अडकलेली गरम हवा पंख्याने पुन्हा ओढली तर नवे इंजिन घरच्याच उकाड्यात शिजते; बॉनेटच्या बाजूंना जाळी ठेवावी. पेट्रोलची नळी नवी आणि इंजिन ऑइल सोसणारी नव्हे, पेट्रोल सोसणारी. मध्ये नवा फिल्टर. ॲक्सिलरेटरची केबल अशी बांधावी की लिव्हर पूर्ण वर आणि पूर्ण खाली जाईल.

गव्हर्नरला हात लावू नये. ‘जरा रेस वाढवा, काप चांगला येईल’ हा सल्ला इथल्या वर्कशॉपात सर्रास मिळतो. अमेरिकन मानकात पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांवर, म्हणजे सेकंदाला साधारण ९६ मीटरवर, मर्यादित आहे. ५३ सेंटिमीटरचे पाते मिनिटाला ३४०० फेरे फिरले तर टोक ९४ मीटरपर्यंत पोचलेलेच असते. तिथे आणखी दोनशे-तीनशे फेरे वाढवणे म्हणजे पाते किंवा त्याखाली आलेला खडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटण्याची सोय करणे. स्वस्तातला टॅकोमीटर प्लगच्या वायरला गुंडाळून वेग पाहता येतो.

नवे इंजिन बहुतेकदा तेलाशिवाय येते. पेटीवर तसे लाल अक्षरांत लिहिलेले असते, तरी दरवर्षी कोणी ना कोणी कोरडेच चालू करतो. पुस्तिकेत उष्ण हवेसाठी दिलेला ग्रेड भरावा, एसएई ३० किंवा कंपनीने सुचवलेले सिंथेटिक. उरलेले कारचे कुठलेतरी तेल नको. पेट्रोल साध्या दर्जाचे पुरते: पुस्तिकांत जे अमेरिकन ८७ ऑक्टेन लिहिलेले असते, ते अमिरातीच्या पंपावरच्या ई-प्लस ९१ च्या बरोबरीचे. सुपर ९८ भरून काही वाढत नाही. पहिला अर्धा तास हलक्या कामाचा, वेग कमीजास्त करत. पहिले तेल ब्रिग्जच्या इंजिनात ५ ते ८ तासांनी, होंडाच्या जीएक्समध्ये पहिल्या महिन्यात किंवा २० तासांनी बदलायचे. धातूचा पहिला कीस त्यातच असतो. काढलेले तेल झाडाच्या आळ्यात किंवा वाळूत ओतू नये. गाड्यांचे ऑइल बदलणाऱ्या सर्व्हिस स्टेशनला ते दिले की परवानाधारक गोळा करणाऱ्याकडे जाते.

कामाला नोव्हेंबर ते मार्च हे महिने बरे. उन्हाळ्यातच करायचे झाले आणि कामगार हाताशी असतील तर १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन थेट उन्हात काम करवून घेण्यावर कायद्याने बंदी आहे, हे फार्मच्या मालकाने आणि सुपरवायझरने लक्षात ठेवावे. शेडला छप्पर असले तरी त्या वेळी पत्र्याखालचे स्पॅनर हातात धरवत नाहीत.

पहिल्या चार-पाच तासांनंतर इंजिन थंड झाल्यावर पायाचे चारही बोल्ट, मफलरचे बोल्ट आणि पुलीचा मधला बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळावेत, पट्ट्याचा ताण पाहावा आणि एअर फिल्टरच्या पलीकडची नळी पांढऱ्या फडक्याने पुसून बघावी.